गोल कण, ओबडधोबड कण आणि कॉलममधला दाब

केशिका

मंडळी, एचपीएलसी (दाबाने द्रव ढकलून मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याची पद्धत) कॉलम भरण्यासंबंधी एक प्रश्न आहे. २५० × ४.६ मिमीचे एकसारखे रिकामे कॉलम घेतले. एकात गोल कणांची सिलिका भरली, बाकी दोघांत दळून चाळलेली, म्हणजे ओबडधोबड कोनदार कणांची, दोन वेगळ्या लॉटची. सगळ्या डब्यांवर १० मायक्रॉन लिहिलेले. द्रावक तोच, तापमान तेच, प्रवाह १ मिली प्रति मिनिट. पुस्तकात वाचले होते की गोल कणांना दाब कमी लागतो. पण दळलेल्या सिलिकेच्या एका लॉटने जवळजवळ तेवढाच दाब दाखवला आणि दुसऱ्या लॉटने दुपटीच्या आसपास. आकार दोन्ही लॉटमध्ये ओबडधोबडच आहे, मग इतका फरक कुठून येतो? कणाचा आकार प्रवाहावर नेमका कोणत्या वाटेने परिणाम करतो, हे समजून घ्यायचे आहे. नुसते "गोल चांगले" एवढे उत्तर पुरत नाही.

पांढरी_पूड

माझ्या मते कोपऱ्यांवर भोवरे तयार होतात. गोल कणावरून द्रव अलगद घसरतो, धारदार कडेवर तो फुटतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. दाब त्यामुळे वाढत असावा. दोन लॉटमध्ये कडा कमीजास्त धारदार असतील.

मंदप्रवाह

@पांढरी_पूड, हे चित्र डोळ्यांसमोर सहज उभे राहते, पण इथे लागू होत नाही. आकडे टाकून बघा. ४.६ मिमी व्यासाच्या कॉलमचा छेद साधारण १६.६ चौरस मिमी. त्यातून मिनिटाला १ मिली, म्हणजे रिकाम्या नळीत वेग सेकंदाला सुमारे १ मिमी. कण १० मायक्रॉनचा, द्रव पाण्यासारखा. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर, येतो ०.०१ च्या आसपास. जडत्वाचा परिणाम जाणवायला कणांच्या थरात हा अंक निदान १ ते १० च्या घरात लागतो. आपण शेकडो पटींनी खाली आहोत. इथे द्रव मधासारखा वागतो: कडेला चिकटून, वळण घेऊन पुढे जातो, फुटत नाही. कणांच्या थराला लागणारा दाब सांगणाऱ्या १९५२ च्या एर्गन समीकरणात दोन पदे आहेत, एक चिकटपणाचे आणि एक जडत्वाचे. आपल्या कॉलममध्ये दुसरे पद शून्य धरले तरी उत्तर बदलत नाही.

सगळा दाब खर्च होतो तो कणांच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणात. त्यामुळे विचारायचे ते दोनच प्रश्न: द्रवाला किती पृष्ठभागाला घासून जावे लागते, आणि जायला मोकळी जागा किती आहे. आकार या दोन्ही वाटांनी आत शिरतो, आणि या वाटा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. @केशिका यांच्या दोन लॉटचे कोडे तिथेच आहे असे मला वाटते.

कणाद

मंदप्रवाह यांनी बरोबर जागी बोट ठेवले आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण हा भाग बऱ्याच ठिकाणी घाईत उरकलेला दिसतो.

कोझेनी (१९२७) आणि कारमन (१९३७) यांचे समीकरण शब्दांत असे: दाब हा वेग, चिकटपणा आणि कॉलमची लांबी यांच्या सम प्रमाणात, कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि त्याला गुणायचे एका पोकळीच्या पदाने. ते पद म्हणजे (१ − पोकळी) चा वर्ग भागिले पोकळीचा घन. इथे पोकळी म्हणजे कणांच्या मधली जागा, कणाच्या आतली छिद्रे नव्हेत. आतल्या छिद्रांतून द्रव वाहत नाही, रेणू फक्त विसरणाने आत-बाहेर करतात. सर्वांपुढे १८० च्या आसपासचा स्थिरांक.

आता हे केशिका यांच्या कॉलमवर चालवू. गोल कण, १० मायक्रॉन, पोकळी ०.४०, चिकटपणा १ सेंटीपॉइज, म्हणजे साधारण पाण्याइतका. उत्तर येते सुमारे २५ बार. आता बाकी काही न बदलता पोकळी ०.४० ऐवजी ०.३६ करा. दाब ४० बारच्या जवळ पोचतो. पोकळीत अवघ्या चार टक्क्यांची घट आणि दाब दीडपटीहून जास्त! घन पदाचा हा प्रताप आहे. गोल कण वाटेल तसे ओतून हलवून घट्ट बसवले तरी ते साधारण ६४ टक्के जागाच भरतात, म्हणजे ०.३६ ही त्यांची तळाची मर्यादा. फळांच्या राशीसारखी नियमित रचना केली तर ७४ टक्के भरते, पण भरलेल्या कॉलममध्ये तशी रचना आपोआप होत नाही.

आता ओबडधोबड कण. त्यांच्यासाठी गोलपणा नावाचे माप वापरतात: तेवढ्याच आकारमानाच्या गोलाचा पृष्ठभाग भागिले कणाचा खरा पृष्ठभाग. गोलाला १, घनाला ०.८१, दळलेल्या पुडीला ०.७ धरू. समीकरणात व्यासाच्या जागी व्यास गुणिले गोलपणा जातो, म्हणजे १० मायक्रॉनचा कोनदार कण प्रवाहाला ७ मायक्रॉनचा भासतो. पोकळी ०.४० च ठेवली तर दाब २५ वरून ५२ बारवर. ही झाली पहिली वाट, जास्त पृष्ठभाग.

दुसरी वाट उलटी. कोनदार कण एकमेकांवर घसरत नाहीत, कडा अडकतात, कमानी होतात आणि आत रिकाम्या जागा राहतात. गोट्यांच्या ढिगाऐवजी खडीचा ढीग डोळ्यांसमोर आणा. त्यामुळे दळलेल्या सिलिकेचा थर बहुधा सैल बसतो. पोकळी ०.४५ असेल तर तोच ५२ बारचा आकडा ३० वर उतरतो. ०.४७ झाली तर पुन्हा २५! म्हणजे पृष्ठभागाने वाढवलेला दाब सैल बसण्याने पूर्ण फेडला.

केशिका, तुमचा पहिला लॉट बहुधा इथे बसतो. त्याचा दाब गोल कणांइतकाच दिसला म्हणून थर चांगला झाला असे मात्र समजू नका. सैल बसलेला थर पुढे दबतो. कॉलमच्या तोंडाशी खळगा पडतो, पीक (आलेखावरचे पदार्थाचे शिखर) दुभंगते किंवा शेपूट धरते, आणि खाली दाबलेल्या भागामुळे दाब हळूहळू चढत जातो.

शिखरमापी

फार छान मांडले आहे. पण दुसऱ्या लॉटचा दुप्पट दाब निव्वळ घट्ट बसल्याने आला असेल? मला बारीक चुऱ्याचा संशय जास्त आहे. दळलेली सिलिका म्हणजे जेलचा गट्टा फोडून, दळून, हवेच्या झोताने किंवा चाळणीने वेगळी केलेली. कितीही निवडली तरी कडांचे तुकडे सोबत राहतात. शिवाय स्लरी (द्रवात कालवलेले कण) भरताना शेकडो बार दाब लावला की टोके मोडतात आणि नवा चुरा तयार होतो.

कणाद

@शिखरमापी, संशय रास्त आहे आणि त्याचा हिशेबही करता येतो. समजा वजनाने ९५ टक्के कण १० मायक्रॉनचे आणि ५ टक्के २ मायक्रॉनचे. प्रवाहाच्या दृष्टीने जो सरासरी व्यास लागतो तो पृष्ठभागावर आधारलेला: प्रत्येक गटाचे वजन भागिले त्याचा व्यास, त्यांची बेरीज, आणि त्या बेरजेचा व्यस्त. उत्तर ८.३ मायक्रॉन. वर्ग केला की दाब १.४४ पट. आणि हे पोकळी तशीच राहिली असे धरून. प्रत्यक्षात चुरा मोठ्या कणांच्या फटींत जाऊन बसतो आणि पोकळीही खाली आणतो. त्यात थोडा घट्टपणा मिळवला की दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट आणखी. याच मिश्रणात वजनाने ५ टक्के असलेला चुरा संख्येने मोजला तर प्रत्येक मोठ्या कणामागे साडेसहा बारीक कण आहेत. संख्येवरची सरासरी घेतली तर ३ मायक्रॉन, वजनावरची घेतली तर ९.६. डब्यावरचे "१० मायक्रॉन" कोणत्या सरासरीचे, हे विचारल्याशिवाय दोन सिलिकांची तुलनाच होत नाही. शिवाय कण मोजणारे लेझरचे यंत्र ओबडधोबड कणालाही गोल समजूनच व्यास सांगते, लांबट कणाची खरी रुंदी त्यात हरवते.

म्हणून मला नेहमी वाटते की गोल कणांच्या नावावर जे यश जमा होते त्यातला मोठा वाटा गोलपणाचा नसून एकसारखेपणाचा आहे. गोल कण द्रावणातून वाढवून किंवा थेंबांतून बनवतात, त्यामुळे ते आकारमानानेही जवळजवळ सारखे निघतात. श्टोबर यांची १९६८ ची पद्धत त्यातलीच. दळण्यात ही सोय नाही. दोन्ही गुण एकत्र येतात, म्हणून श्रेय कोणाला द्यायचे हे नजरेआड होते.

केशिका

धन्यवाद, कोडे बरेच उलगडले. पुढचा प्रश्न: दाब सोडा, पीकच्या रुंदीवर आकाराचा परिणाम किती? पीक किती पसरते ते सांगणाऱ्या व्हान डीम्टर समीकरणातले पहिले पद, ते वाटा फुटण्याचे (रेणू वेगवेगळ्या वाटांनी जाऊन मागेपुढे होण्याचे), ओबडधोबड कणांना मोठे असते म्हणतात.

मंदप्रवाह

म्हणतात ते खरे आहे, पण कारण नीट पाहायला हवे. १९५६ च्या मूळ मांडणीत ते पद कणाच्या व्यासाच्या प्रमाणात आहे आणि पुढे एक भरणीचा गुणक आहे. तो गुणक म्हणजे सगळे अज्ञान एका अक्षरात कोंबलेले. गिडिंग्ज यांनी नंतर ते उलगडून वेगवेगळ्या अंतरांवरच्या असमानता वेगळ्या केल्या: एकाच फटीच्या मध्यात आणि कडेला असलेला वेगाचा फरक, शेजारच्या फटींमधला फरक, आणि सर्वांत मोठा, कॉलमच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचा फरक.

पहिल्या प्रकारात आकाराने फारसे बिघडत नाही. कोपऱ्यातल्या निवांत जागेत अडकलेला रेणू बाहेर यायला किती वेळ घेतो ते पाहा. छोट्या रेणूचा विसरण गुणांक १० चा उणे नऊ घात चौरस मीटर प्रति सेकंद धरला तर १० मायक्रॉन अंतराला साधारण ५० मिलिसेकंद, आणि कोपरे तर त्याहून कितीतरी लहान असतात. रेणू पटापट बाहेर पडतो. हाच हिशेब ५० मायक्रॉनच्या कणांवर सव्वा सेकंदावर जातो, आणि प्रथिनांसारखे मोठे रेणू असतील तर आणखी दहा-पंधरा पट. तिथे कोपरे नक्की त्रास देतात.

खरा घात तिसऱ्या प्रकारात होतो. समजा भिंतीजवळचा वेग मध्यापेक्षा फक्त २ टक्क्यांनी वेगळा आहे. २५० मिमी चालून गेल्यावर दोन्हींत ५ मिमीचे अंतर पडते. त्याच कॉलमच्या दहा हजार प्लेट (पदार्थ वेगळे करण्याची क्षमता मोजायचे एकक) असतील तर कॉलममधल्या पदार्थाच्या पट्ट्याचे प्रमाण विचलन २.५ मिमी असायला हवे. म्हणजे दोन टक्क्यांचा फरक पूर्ण पट्टा वाकवून टाकू शकतो. आडवे विसरण थोडे सांधून घेते, पण तेवढ्या वेळात रेणू आडवा जातो मिलिमीटरभर, आणि त्रिज्या २.३ मिमी. पुरत नाही.

आता आकार इथे कसा येतो? कण भिंतीला लागून बसताना भिंतीलगतच्या काही थरांत पोकळी वेगळी असते, ते गोल कणांनाही चुकत नाही. गोल आणि एकसारखे कण तर भिंतीलगत ओळीने बसतात आणि पोकळी चार-पाच कणव्यासांपर्यंत वरखाली होत राहते. ओबडधोबड कणांत ही लाट लवकर विरते, हा त्यांचा एक गुणच म्हणायचा. पण त्यांचे आपसातले आणि भिंतीशी घर्षण जास्त. भरताना दाब वरून खाली आणि मध्यातून भिंतीकडे सारखा पोचत नाही. कुठे घट्ट, कुठे सैल. आणि आपण पाहिले की पोकळीतला थोडा फरक दाबात दीडपट होतो. स्थानिक वेगाच्या बाबतीतही तेच, कारण दाबाचा उतार सगळीकडे सारखा असतो आणि सैल भागातून द्रव जास्त पळतो.

पांढरी_पूड

भोवऱ्यांचा मुद्दा मागे घेतो, आकडे पटले. मग एक विचारतो: गोल नसलेला पण गुळगुळीत कण घेतला तर? चपटा, लंबगोल? कडा नाहीत, अडकणार नाहीत. तो तर आणखी छान बसेल.

कणाद

छान बसेल, आणि तीच अडचण. लंबगोल कणांच्या अस्ताव्यस्त भरणीवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले काम आहे. थोडे चपटे किंवा लांबट कण गोलांपेक्षा दाट बसतात, ६४ ऐवजी सुमारे ६८ टक्के जागा भरतात, कारण ते वळून जागा शोधू शकतात. पोकळी ०.३२ वर आली. पोकळीचे पद काढून बघा: ०.३६ च्या गोलांपेक्षा १.६ पट दाब, तोही वाढीव पृष्ठभाग न धरता. शिवाय चपटे कण प्रवाहाला आडवे झोपले तर वाट लांबते. दाट बसणे म्हणजे चांगले बसणे नव्हे. आपल्याला मोकळी जागा हवी असते, फक्त ती सगळीकडे सारखी हवी.

याच विचाराचे दुसरे टोक म्हणजे कणच नको. क्योतोत विकसित झालेले सिलिकाचे मोनोलिथ एका अखंड जाळीचे असतात, त्यांतली वाहती पोकळी ६५ टक्क्यांच्या घरात. दाब फारच कमी. कणांच्या थराला ही पोकळी गाठता येत नाही, कारण कण एकमेकांवर टेकून उभे राहायला हवेत.

शिखरमापी

इथे एक भर घालतो. कोअर-शेल कण, घट्ट गाभा आणि वर सच्छिद्र कवच असलेले, २००६ नंतर गाजले. २.७ मायक्रॉनच्या या कणांचे कॉलम प्लेट उंची (एका प्लेटमागे लागणारी लांबी, कमी तितकी चांगली) कणव्यासाच्या दीडपटीपर्यंत खाली नेतात. पूर्ण सच्छिद्र गोल कणांना दुपटीच्या आसपास समाधान मानावे लागायचे. सुरुवातीला सगळ्यांनी कारण सांगितले की कवच पातळ, म्हणून रेणू लवकर आत-बाहेर होतो. छोट्या रेणूंच्या बाबतीत तो फायदा किरकोळच आहे. मोठा फायदा वाटा फुटण्याच्या पदात झाला: कणांच्या आकारमानातला फेर पाच टक्क्यांच्या आसपास, आणि थर मध्यापासून भिंतीपर्यंत एकसारखा. कणाद म्हणतात तो एकसारखेपणा इथे पुन्हा दिसतो.

रंगपट्टी

मी मोठ्या कॉलमवर मऊ अ‍ॅगरोज जेल वापरते. आमच्याकडे कण भरताना अगदी गोल असतात, पण वाहताना गोल राहत नाहीत! प्रवाह वाढवला की कण एकमेकांवर दाबले जाऊन स्पर्शाच्या जागी चपटे होतात. पोकळी घटते, दाब वाढतो, वाढलेला दाब आणखी दाबतो. प्रवाह आणि दाबाची रेष सरळ न राहता अचानक वर वळते. अरुंद कॉलममध्ये भिंत काही भार उचलते, रुंद कॉलममध्ये मधल्या कणांना तो आधार मिळत नाही. म्हणून छोट्या कॉलमवर चाललेला वेग मोठ्यावर तसाच लावता येत नाही. सिलिकावाल्यांना आकार कायमचा मिळतो, आम्हाला तो वेगावर अवलंबून मिळतो. हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा असे वाटले.

मंदप्रवाह

@रंगपट्टी, फार महत्त्वाची भर. कठीण कणांसाठीचे समीकरण तिथे प्रत्येक वेगाला नवीन पोकळी घालून वापरावे लागते.

पांढरी_पूड

मग दळलेली सिलिका अजून वापरतात कशाला? सगळीकडे गोलच का नाही?

शिखरमापी

कारण दळणे स्वस्त पडते आणि सगळ्या कामांना दहा हजार प्लेट लागत नाहीत. फ्लॅश कॉलममध्ये (थोड्या दाबाने पटकन शुद्धीकरण करण्याच्या) ४०–६३ मायक्रॉनची ओबडधोबड सिलिका १९७८ पासून नित्याची आहे. तिथे दाब कमीच राहतो, कॉलम एकदा वापरून टाकायचा असतो, आणि वेगळे करायचे पदार्थ एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब निघतात. विश्लेषणातही १९७३ मध्ये बाजारात आलेला मायक्रोबॉन्डापॅक सी-१८ नावाचा कॉलम ओबडधोबड १० मायक्रॉन कणांचाच होता, आणि त्यावर वर्षानुवर्षे उत्तम कामे झाली. नीट भरला तर असा कॉलम वाईट नसतो. मात्र तसा भरणे आणि भरलेला टिकवणे कठीण.

केशिका

आता शेवटचे, करून बघायचे. माझ्या दोन लॉटमध्ये एक सैल आणि दुसरा चुऱ्याने भरलेला, हे कॉलम न उघडता कसे कळेल? दाब तर दोन्ही गोष्टी एकत्र करून एकच आकडा देतो.

कणाद

पोकळी स्वतंत्रपणे मोजा, म्हणजे दाबातून उरलेली बाजू आपोआप बाहेर येते. सिलिकाच्या छिद्रांत शिरू न शकणारा पॉलिस्टायरीन घ्या. छिद्रे १० नॅनोमीटरची असतील तर दोन ते दहा लाख रेणुभाराचा पुरेल. टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात), हळू प्रवाहाने सोडा. फार मोठा रेणू घेऊ नका, तो फटीच्या मधोमध राहून थोडा आधीच बाहेर येतो आणि पोकळी खऱ्यापेक्षा कमी दिसते. नळ्या स्टीलच्या ठेवा, पीकच्या नळ्यांना टीएचएफ सोसत नाही. (हे पीक प्लास्टिक, शिखर नव्हे.)

रिकाम्या कॉलमचे आकारमान ४.१५ मिली. पोकळी ०.४० असेल तर पॉलिस्टायरीन १.६६ मिलीला, ०.४७ असेल तर १.९५ मिलीला निघेल. फरक ठळक आहे, पण कॉलमबाहेरच्या नळ्यांचे आकारमान वजा करायला विसरू नका. मग मोजलेला दाब, त्यातून कॉलमशिवायचा दाब वजा करून, कोझेनी-कारमनमध्ये घाला आणि व्यास काढा. तो प्रवाहाला भासणारा व्यास. सैल लॉटमध्ये पोकळी जास्त आणि व्यास सातच्या आसपास येईल. चुऱ्याच्या लॉटमध्ये पोकळी कमी आणि व्यास त्याहूनही खाली. सोबत सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पुडी बघा, चुरा असेल तर दिसतो.

मंदप्रवाह

दोन पथ्ये. दाब मोजताना दोन्ही कॉलमना तेच द्रावक आणि तेच तापमान हवे. मिथेनॉल आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण दोन्ही शुद्ध द्रवांपेक्षा जास्त चिकट असते, २५ अंशांना १.६ सेंटीपॉइजच्या आसपास, तर टीएचएफ ०.५ च्याही खाली. दाबात तिपटीहून जास्त फरक नुसत्या द्रावकाने पडतो.

आणि कुठे छापलेला प्रवाहरोधाचा गुणक (थर प्रवाहाला किती विरोध करतो तो आकडा) वापरणार असाल तर तो कोणत्या वेगावर काढला आहे ते आधी तपासा. गोल कणांना कुणी ६५० लिहितो, कुणी १०००. पहिला न थांबणाऱ्या पदार्थाच्या वेळेवरून काढलेल्या वेगावर, दुसरा रिकाम्या नळीच्या वेगावर. कॉलम एकच असतो. हे न पाहता ओबडधोबड कणांचा १००० गोल कणांच्या ६५० शेजारी ठेवला तर आकाराला नसलेला दोष चिकटतो.

केशिका

पॉलिस्टायरीन आणि टीएचएफ दोन्ही आहेत. स्टीलच्या नळ्या लावून आधी गोल कणांचा कॉलम मोजते, त्याची पोकळी ०.४० च्या जवळ आली की पद्धतीवर भरवसा बसेल. मग दोन्ही लॉट. आकडे इथेच टाकेन.